साठ दात्यांचा गिअर

बाबा, या गाडीत मी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, कारण कोणतंही काम समोर आलं की तुम्ही पहिल्यांदा तेच विचारायचे. पुढची चाकं ज्यांच्यावर वरखाली होतात त्या दोन्ही दांड्या पांढऱ्या नायलॉनच्या ठोकळ्यातून कापून, कानसून काढल्या. मूळच्या तडकल्या होत्या. धक्के झेलणारे चारही शॉक लेथवर केले, आतला दट्टा पितळेचा, तेल अडवायला घड्याळजीकडून जमवलेली रबरी कडी. वरच्या कवचासाठी सागाचा साचा कोरला, पारदर्शक शीट तुमच्या सुनेच्या ओव्हनमध्ये मऊ केली आणि व्हॅक्यूम क्लीनरनं खाली ओढून साच्यावर बसवली. सात शीट वाया गेल्या, आठवी बसली. मागचे टायर ओतले तेव्हा काटे मोजून मूळच्याइतकेच ठेवले, एकही कमी नाही. मोटरची गुंडाळी नव्यानं भरली. वेग कमीजास्त करणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या घासून, वाकवून बसवल्या. आत बसलेल्या अंगठ्याएवढ्या ड्रायव्हरचं हेल्मेट तीन केसांच्या ब्रशनं रंगवलं. गिअरबॉक्समधला मोठा गिअर मात्र या यादीत नाही.

तुम्हाला आठवते ती हीच गाडी. हातभर लांबीची, बॅटरीवर पळणारी, हातातल्या रिमोटनं वळणारी जपानी बग्गी. लोक अजूनही खेळणं म्हणतात, आणि मी अजूनही प्रत्येकाला सांगतो की खेळणं तुटलं की फेकायचं असतं, ही तुटली की उघडायची असते. प्रत्येक स्क्रू निघतो, प्रत्येक भाग वेगळा होतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या अशा गाड्या आता जगभरातली माणसं शोधून काढतात आणि पुन्हा उभ्या करतात. त्यांच्यात माझं नाव आहे, बाबा. नागपुरात मानेवाड्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा माणूस, आयटीआय दुसऱ्या वर्षी सोडलेला, आणि जर्मनीतला माणूस मला विचारतो की शॉकच्या नळीची आतली बाजू इतकी गुळगुळीत कशी केली. मी माझ्याबद्दल कुठंही लिहितो तेव्हा एक ओळ हमखास लिहितो: गुरू नाही, सर्टिफिकेट नाही, सगळं स्वतः शिकलो. गेली दहा वर्षं लिहितो आहे.

ती ओळ वाचूनच मागच्या रविवारी पुण्याहून एक गृहस्थ आले. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्याकडे अशा एकतीस गाड्या आहेत, आणि त्या काचेच्या कपाटांत मांडून, प्रत्येकीखाली करणाऱ्याचं नाव लावून, ते एक दालन उघडणार आहेत. बत्तिसावी माझी हवी होती. पैशाचं आम्ही फोनवरच बोललो होतो. अट एकच होती. गाडी त्यांच्यासमोर पूर्ण उघडायची, आणि मग मी एका कागदावर सही करायची की यातलं जे मूळचं नाही ते सगळं माझ्या हातचं आहे, यात दुसरा हात लागलेला नाही. मी लगेच हो म्हटलं. इंजिनिअर लोकांच्या कामांशेजारी काचेखाली माझं नाव लागणार होतं. मग त्या रविवारपर्यंतचे नऊ दिवस मला धड जेवण गेलं नाही.

तुम्ही ती आणली तो दिवस मला नीट दिसतो. मी आठवीत आहे. हिंगण्याच्या वर्कशॉपमधून तुम्ही सायकलवर येता, हँडलला रेक्झिनची पिशवी. आई चुलीपुढून वळून पाहते आणि म्हणते, "हे काय आणलं जी, बेडूक?" मालकाच्या पुतण्यानं परदेशातून आणलेली, गिट्टीवर चालवून मोडलेली. मालकानं तुम्हाला दिली होती, घेऊन जा मिस्त्री, पोराले खेळाले होईल. तुम्ही ती स्वयंपाकघरातल्या पाटावर ठेवता, चार स्क्रू काढता आणि गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं कवच उघडता. मोटरच्या छोट्या गिअरनं फिरणारा प्लॅस्टिकचा मोठा गिअर, त्याचे एका बाजूचे दाते साफ उडालेले. बाकीचे झिजून, वितळून गोल झालेले. "एवढंच न," तुम्ही म्हणता. "पितळेचा काढून देतो." मला तेव्हा वाटलं होतं की या शहरात तुमच्याएवढा मोठा माणूस नाही. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं.

दाते मोजायचं काम तुम्ही मला दिलं. का दिलं ते मला तेव्हा माहीत होतं, आणि तेच मी वापरलं. तुम्हाला जवळचं दिसेनासं झालं होतं आणि वर्कशॉपमध्ये ते कळू द्यायचं नव्हतं, कारण चष्मा लागलेल्या टर्नरला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवत असत. मी उरलेले दाते मोजले, एक्कावन्न. उडालेल्या जागेवर अंदाजानं सात धरले. अठ्ठावन्न सांगितले. तुम्ही गिअरच्या घेरावरून भिंतीवर कोळशानं हिशेब केला आणि म्हणाले, "घासलेला हाये म्हनून पक्कं सांगता येत नाही, पन हिशेबात साठ येते. अठ्ठावन बसत नाही. पुन्हा मोज."

"मोजले न बाबा. अठ्ठावनच हायेत."

"एकदा पुन्हा मोज म्हनतो मी."

मी पुन्हा मोजले नाहीत. गिअर हातात फिरवला, ओठ हलवले, आणि म्हणालो, "अठ्ठावन. तुमाले दिसते का एवढं बारीक? मंग माह्यावर भरोसा ठेवा न."

आईनं भाकरी थापायची थांबवली होती. तुम्ही मात्र रागावले नाहीत. हात धोतराला पुसून म्हणाले, "बरं. तुह्या डोळ्यावर जातो मंग." त्या वाक्याचं ओझं मला तेव्हा कळलं नव्हतं. तुम्ही तुमचा हिशेब भिंतीवर तसाच ठेवून माझा आकडा घेऊन कामाला गेले.

तुमच्या वर्कशॉपची रीत होती. कोणताही जॉब झाला की ज्याचा त्यानं त्यावर पंचनं आपली खूण ठोकायची. कौतुकासाठी नाही, खोट निघाली तर कोणाची ते कळावं म्हणून. तुमची खूण दोन ठिपके, शेजारी शेजारी. चार दिवसांनी गिअर आला, पितळेचा, चकचकीत, अठ्ठावन्न दात्यांचा, आणि मधल्या भोकाजवळ दोन ठिपके. घरच्या कामावरही तुम्ही खूण ठोकली होती.

रविवारी आपण मालकाच्या बंगल्यावर गेलो. पुतण्याला गाडी चालताना पाहायची होती. अंगणात मालक खुर्चीवर, शेजारी वर्कशॉपमधले दोघेजण कुठल्याशा कामासाठी आलेले. मी रिमोटची कांडी पुढे केली. गाडी किंचाळली. दुसरा शब्द नाही त्या आवाजाला. दोन हात पुढे गेली, थांबली, आत दाते दात्यांवरून उड्या मारत राहिले. गिअर हवा त्याहून लहान झाला होता, त्याची जेमतेम टोकं मोटरच्या गिअरला लागत होती. पुतण्या हसला. तुम्ही तिथंच उकिडवे बसून कवच उघडलं, गिअर काढला, आणि मालकानं तो हातात घेऊन उन्हात धरला.

"काय मिस्त्री, दोन ठिपके तं दिसून राहिले. तुमचंच काम न हे? घरचं म्हटलं का हात हलका पडते?"

सगळे हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एका श्वासापुरतं. मी तेव्हा बोलू शकलो असतो. मी बोललोही. मी म्हणालो, "बाबानं चुकीचा कापला."

त्या संध्याकाळी मागच्या अंगणात बसून मी मोडका गिअर कागदावर ठेवला. उरलेले दाते पेन्सिलनं उमटवले, मग तोच कागद फिरवून उडालेल्या जागेवर धरला. तिथं सात नाही, नऊ दाते बसत होते. पुन्हा केलं, पुन्हा नऊ. एक्कावन्न आणि नऊ. भिंतीवर तुमचा साठ अजून तसाच होता. मी कागद फाडून चुलीत टाकला आणि तुम्हाला काही सांगितलं नाही. हे मी आज पहिल्यांदा कोणाला सांगतो आहे.

पुढच्या आठवड्यात तुमच्या रिकाम्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेला दुसरा गिअर निघाला. मी मोजले. साठ. मधल्या भोकाजवळ तुमचे दोन ठिपके. मी तो बसवला आणि गाडी अशी पळाली की आई ओटा सोडून गल्लीत आली. मग तुम्हीच म्हणाले, चाल, मालकाले दाखवून येऊ. मला वाटलं होतं, तुम्हाला आपलं नाक वर करायचं आहे. तसं असतं तर काही चूकही नव्हतं. अंगणात गाडीनं तीन फेऱ्या मारल्या, पायरीवरून उडी घेतली, सरळ उतरली. मालक खुर्चीत पुढे सरकला. "आता कोनं केला बे हा?" त्यानं मला विचारलं. तुम्ही माझ्या मागे सायकल धरून उभे होते.

"मी," मी म्हणालो.

का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. पुतण्या माझ्याकडे पहिल्यांदाच माणसासारखं पाहत होता, एवढं आठवतं. मालकानं तुमच्याकडे पाहिलं. "हो का मिस्त्री? पोट्ट्यानं केला?" मला वाटलं, आता संपलं. मला सायकलच्या स्टँडचा आवाज ऐकू आला. तुम्ही म्हणाले, "हो मालक. त्यानंच केला."

परत येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होते. मी वाट पाहत होतो की आता बोलतील, आता मारतील. अर्ध्या रस्त्यावर तुम्ही एवढंच म्हणाले, "आता शिकून घे मंग. म्हटलं हाये तं." ती तुमची सगळ्यात कडक बोलणी होती. मी शिकलो, बाबा. रागानं शिकलो. पण तुमच्याकडून नाही. तुम्ही आयटीआयमध्ये घातलं तर ते सोडलं, तुम्ही लेथपाशी उभं करायचं म्हटलं तर मी रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला लागलो. तुमच्याकडून शिकलो असतो तर त्या दिवसाचं कधीतरी बोलावं लागलं असतं.

तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्यांत तुमच्या खात्यातले एक म्हातारे होते. चहा घेता घेता सहज म्हणाले, "आम्ही तुह्या बापाले अठ्ठावन म्हनो. अठ्ठावन आला, अठ्ठावन चालला. रिटायर होईपर्यंत. चिडे नाही कधी. हासे." मी त्यांना विचारलं नाही, अठ्ठावन काहून. मी आत जाऊन बिस्किटं आणली. गाडी तेव्हा माळ्यावर होती. ती खाली काढायला मला आणखी बारा वर्षं लागली.

तर रविवार. मे महिना, बाहेर नागपूरचं ऊन, आणि गच्चीवरच्या माझ्या खोलीत मी कूलर बंद केलेला, कारण उघड्या बेअरिंगला त्याची ओल चालत नाही. पुण्याचे गृहस्थ पांढरे कापसाचे हातमोजे घालून बसले. मी एकेक भाग काढून फ्लॅनेलवर मांडत होतो आणि ते एकेक भाग डोळ्याला भिंग लावून पाहत होते. तुमची सून सरबत घेऊन आली, म्हणाली, "अहो, कूलर तं सुरू करा, त्यांचा शर्ट ओला होऊन राहिला." ते म्हणाले, "असू द्या वहिनी, ऑपरेशन चालू आहे." ती म्हणाली, "आमच्या घरी रोजच असते," आणि गेली. दांड्या झाल्या, शॉक झाले. शॉकच्या नळीत त्यांनी टॉर्च टाकला आणि नुसतं "वा" म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता. माझं सगळं लक्ष टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातल्या गिअरबॉक्सकडे होतं.

मी तो गिअर केरोसीनमध्ये धुतला होता, वंगण लावून परत बसवला होता. पण या गाडीचा प्रत्येक स्क्रू भिंगाखाली पाहणाऱ्या मी तो एकच भाग कधी भिंगाखाली धरला नव्हता. धुताना सुद्धा दुसरीकडे पाहून धुतला. तुमचे दोन ठिपके असणार, हे मला माहीत होतं, आणि ते पाहायचे नव्हते. नऊ दिवस मी एकच विचार करत होतो. ते विचारतील, हे काय? मी म्हणेन, माझी खूण. साधं आहे. हे उत्तर मी अंघोळ करताना दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं.

त्यांनी गिअर उचलला. दाते पाहिले, प्रत्येक दात्याची कड पाहिली. मग म्हणाले, "मला एक सांगा. बाकी सगळं सुंदर आहे. पण हे वेगळं आहे. याच्या दर दात्याची धारदार कड हातानं कानसून बोथट केलेली आहे, आणि साठही सारख्या. हे आपण कधी केलं?"

"लहान होतो," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, लहान होतोच.

"आपणच?"

"हो."

दुसऱ्यांदा, बाबा. सदतीस वर्षांनी, त्याच गिअरसाठी, तेवढ्याच वेळात.

त्यांनी गिअर उलटा केला आणि भिंग जवळ नेलं. "इथं काहीतरी होतं," ते म्हणाले. "भोकाच्या शेजारी. दोन खुणा असाव्यात. कोणीतरी फार बारीक कानसेनं काढल्यात, मग वरून एमरी पेपर फिरवलाय. अगदी तिरक्या उजेडात दिसतं, बघा. या का काढल्यात आपण?"

मी भिंग घेतलं. ठिपके नव्हते. ठिपक्यांच्या जागी चण्याच्या डाळीएवढा एक सपाट भाग होता, बाकीच्या पितळेपेक्षा केसभर खोल. आणि मला त्या आठवड्यातला गुरुवार आठवला, दुसऱ्यांदा बंगल्यावरून परत आल्यानंतरचा. तुम्ही कामावर निघताना म्हणाले होते, "दे तो गिअरबॉक्स इकडं. ग्रीस भरून आनतो." दुसऱ्या दिवशी परत आणून दिला होता. ग्रीसचा डबा तर आपल्या घरीच होता, मोरीच्या वरच्या फळीवर. मी तेव्हा विचारलं नव्हतं की त्यासाठी वर्कशॉपला काहून न्यायचा. खोट निघालेल्या गिअरवर तुम्ही आपली खूण तशीच राहू दिली, तो मालकाकडे राहिला, चार लोकांच्या हातांत फिरला. आणि जो बरोबर होता त्यावरची तुम्ही स्वतः घासून काढली, कोणी कधी उघडून पाहिलं तर मी खोटा पडू नये म्हणून.

"जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, गिअर फ्लॅनेलवर ठेवला, बॅगेतून कागद काढला. मजकूर छापलेला होता, वर माझं नाव, खाली सहीची जागा. 'यातील सर्व काम माझ्या एकट्याच्या हातचे असून, हे मी कोणाकडूनही न शिकता केले आहे.' त्यांनी पेन उघडून दिलं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. पेन टेकवलं, आणि माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराची उभी रेघ काढली. तिच्या पुढे हात सरकला नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, सभ्य माणूस होता. घामाचा एक थेंब कागदावर पडला आणि मी पेनला टोपण लावलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. तो माणूस समजणारा होता. मी म्हणालो असतो, हा गिअर माझ्या वडिलांनी काढलाय, मजकूर बदला, खाली दोन नावं लावा, तर त्यांनी आनंदानं बदलला असता. तुमचं नाव काचेखाली लागलं असतं, तुम्हाला अठ्ठावन म्हणणाऱ्या सगळ्यांच्या वर. हे मला तिथं बसल्या बसल्या सुचलं होतं, नंतर सुचलं असं म्हणणार नाही. तोंड उघडलंही. पण दहा वर्षं लिहिलेली ती ओळ, जर्मनीतला तो माणूस, समोर मला 'आपण' म्हणणारा हा इंजिनिअर, आणि त्याच्यासमोर आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी म्हटलेलं ते 'हो'. मी गाडी जोडायला घेतली. ते हातमोजे काढून पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "काही चुकलं का माझं?"

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकतो. सही केली नाही, हे तुम्ही माझ्या बाजूनं धराल, तर धरू नका. मी त्यांना खरं कारण सांगितलं नाही, आणि खाली गेल्यावर तुमच्या सुनेलाही नाही. मी म्हणालो, किंमत बसत नाही. फोनवर त्यांनी दोन लाख चाळीस हजार म्हटले होते. जिना उतरता उतरता ते थांबले, वळले, आणि तीन लाख दहा हजार म्हणाले. मी त्यांना सांगितलं, कमी आहेत.